प्रा. दिनकर बळवंत देवधर

पहिला पाऊस पडून पटांगणाची जमीन मऊ झाली की आमच्याकडे फुटबॉलचा मोसम सुरू होतो. आणि धानाची कापणी होऊन हवेत गारवा आला की तीच मुले यष्ट्या रोवून क्रिकेटचा डाव मांडतात. ह्या दोन्ही मोसमांत एखाददुसरे पालक शिक्षकांच्या खोलीपाशी येऊन उभे राहतात. त्यांची तक्रार बहुधा एकच असते. मुलगा खेळात फार रमला, आता तो अभ्यासातून गेला. राईस मिलमध्ये हिशेब लिहून किंवा रेल्वेत पाळीची नोकरी करून जो गृहस्थ मुलाच्या फीचे पैसे भरतो, त्याची ही काळजी हसण्यावारी नेण्याजोगी खचित नव्हे. दिवसाचे तास मोजकेच असतात, आणि एका ठिकाणी खर्ची पडलेला तास दुसऱ्या ठिकाणी मिळत नाही. अशा वेळी उपदेश करण्यापेक्षा एका गृहस्थांचे चरित्र सांगावे असे मला पुष्कळदा वाटत आले आहे. ते संस्कृताचे प्राध्यापक होते, आणि आपल्या काळातील हिंदुस्थानच्या उत्तम फलंदाजांपैकी एक होते. तासांचा हिशेब त्यांनाही चुकला नाही. तो कसा मांडला गेला, आणि त्यात त्यांस काय गमवावे लागले व काय मिळाले, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

दिनकर बळवंत देवधर ह्यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुणे येथे झाला. त्या काळचे पुणे हे विद्येचे माहेरघर म्हणून प्रसिद्ध होते, परंतु त्याच गावात क्रिकेटचे वारेही वाहू लागले होते. लष्करी छावणीतील युरोपियनांचा जिमखाना होता, शहरातील हिंदू मंडळींचा निराळा क्लब होता, आणि ह्या दोहोंच्या चुरशीतूनच पळवणकर बाळू हा असामान्य गोलंदाज पुढे आला होता. बाळू चर्मकार कुटुंबात जन्मले. युरोपियनांच्या मैदानाची निगा राखण्याचे काम करीत असता, सरावासाठी साहेबांना चेंडू टाकता टाकता ते गोलंदाज झाले. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

देवधरांनी अभ्यासासाठी संस्कृत हा विषय निवडला. ज्यांनी तो थोडासाही चाखला असेल त्यांस ठाऊकच आहे की, ही भाषा परीक्षेच्या आदल्या रात्री जागून साध्य होणारी नव्हे. शब्दांची रूपे, धातूंचे गण, संधींचे नियम हे सर्व रोजच्या रोज घोटावे लागते, आणि चार दिवसांचा खंड पडला तर मागचे विसरते. क्रिकेटमधील फलंदाजीही नेमकी ह्याच जातीची विद्या आहे. पाय कोठे पडावा, चेंडू कोणता सोडावा, मनगट केव्हा वळवावे, हे सांगून समजते. पण येते ते मात्र नित्याच्या सरावानेच. दोन्ही विद्यांचा हा स्वभाव सारखा असल्यामुळे एकीच्या शिस्तीचा लाभ दुसरीस झाला असेल, असे आपले मला वाटते. संस्कृताच्या शिक्षकांचा ह्या बाबतीत पक्षपात होणे साहजिक आहे, हेही येथे कबूल केलेले बरे.

शिक्षण प्रसारक मंडळीने १९१६ साली पुण्यात न्यू पूना कॉलेज ह्या नावाने एक महाविद्यालय काढले. जमखंडीचे अधिपती सर परशुरामभाऊ पटवर्धन ह्यांचे नाव पुढे त्यास मिळाले व आज ते स. प. महाविद्यालय म्हणून सर्वश्रुत आहे. ह्याच महाविद्यालयात देवधर संस्कृताचे प्राध्यापक झाले, आणि प्राध्यापक देवधर ह्याच नावाने क्रिकेटचे जग त्यांस अखेरपर्यंत ओळखीत राहिले.

ह्या गोष्टीचे महत्त्व कळण्यास त्या वेळचे खेळाडू आपला चरितार्थ कसा चालवीत हे पाहिले पाहिजे. आजच्यासारखा खेळावर पैसा मिळत नसे. ज्याच्या अंगी मोठे कौशल्य असेल तो बहुधा एखाद्या संस्थानिकाच्या आश्रयास जाई. आपल्या नागपूरचे, हिस्लॉप शाळेत शिकलेले कोट्टारी कनकय्या नायडू हे १९२३ साली इंदूरच्या होळकरांकडे गेले व त्यांच्या फौजेत त्यांस हुद्दा मिळाला. पतियाळा, नवानगर, बडोदे येथेही असाच प्रकार होता. राजाश्रय मिळालेल्या खेळाडूस सरावाला सवड व प्रवासाला खर्च ह्यांची विवंचना नसे. देवधरांचा मार्ग निराळा होता. वर्गावर वेळेवर हजर राहून तास घ्यावयाचे, आणि त्यातून उरलेल्या वेळात बॅट हाती धरावयाची.

प्रथम दर्जाच्या सामन्यात ते १९११ साली उतरले. तेव्हा त्यांचे वय एकोणीस वर्षांचे होते. मुंबईस त्या वेळी युरोपियन, पारशी व हिंदू अशा तीन संघांची स्पर्धा भरत असे. पुढच्या वर्षी मुसलमानांचा संघ येऊन ती चौरंगी झाली. वर्षाकाठी एकदोन मोठे सामने एवढाच काय तो योग! त्यातच एखादा डाव फसला की पुढच्या वर्षाची वाट पाहणे आले. देवधरांनी १९११ पासून १९४६ पर्यंत पस्तीस वर्षांत प्रथम दर्जाचे अवघे ८१ सामने खेळले. म्हणजे वर्षास सरासरीने दोनाहून थोडे अधिक. साडेचार हजारांवर धावा व नऊ शतके त्यांनी एवढ्याच संधींत मिळविली. अलीकडचे खेळाडू इतके सामने थोडक्या वर्षांत खेळून मोकळे होतात, ही गोष्ट आकडे वाचताना विसरता कामा नये.

१९२० सालची एक हकीकत चरित्रलेखक पुष्कळदा गाळतात. ती गाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. त्या वर्षी चौरंगी स्पर्धेच्या हिंदू संघातून बाळूंस वगळण्यात आले. संघाचे कर्णधार एम. डी. पै हे पहिल्या सामन्यास उपलब्ध नव्हते. त्यांच्या जागी बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल ह्यांचा अधिकार होता असे अनेकांचे मत होते, कारण विठ्ठल हे त्या वेळी हिंदू संघाचे पहिल्या प्रतीचे फलंदाज होते. पण ते पडले चर्मकार. निवड करणाऱ्यांनी कर्णधारपद देवधरांकडे दिले. तेव्हा विठ्ठल व त्यांचे बंधू शिवराम ह्या दोघांनीही संघातून अंग काढून घेतले. पुढील सामन्यास पै परत आले, बाळूंस उपकर्णधार नेमण्यात आले व दोघे भाऊही पुन्हा संघात आले. शेवटी १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या हाताखाली हिंदू संघाने युरोपियनांस हरवून स्पर्धा जिंकली. ही निवड देवधरांनी केली नव्हती; परंतु तिचा लाभ त्यांच्या पदरात पडला होता, हेही तितकेच खरे. जातीमुळे ज्याचे दार बंद होते त्याच्या शेजारचे दार दुसऱ्यासाठी आपोआप उघडते. थोर पुरुषाच्या आयुष्यातही अशी पाने असतात, आणि ती विद्यार्थ्यांनी वाचलेली बरी.

आता त्यांच्या कीर्तीचा दिवस. १९२६ सालच्या हिवाळ्यात आर्थर गिलिगन ह्यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडच्या मेरिलिबोन क्रिकेट क्लबचा संघ हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. हा संघ काही नवशिक्यांचा नव्हता. मॉरिस टेट हा त्या काळचा नावाजलेला गोलंदाज त्यात होता, आणि साऱ्या दौऱ्यात हिंदुस्थानच्या भूमीवर त्या संघास एकाही सामन्यात हार खावी लागली नाही. डिसेंबरच्या आरंभी मुंबई जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघातर्फे नायडूंनी त्यांच्याविरुद्ध १५३ धावा काढल्या. त्या डावात अकरा षटकार होते. नायडूंचा तो पराक्रम विजेसारखा होता, आणि लोकांच्या स्मरणातही तोच अधिक राहिला. परंतु त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याच मैदानावर अखिल हिंदुस्थानचा संघ ह्या पाहुण्यांपुढे उभा राहिला, तेव्हा पाहुण्यांनी ३६२ धावा केल्या होत्या. आपल्या संघाने त्यास ४३७ धावांनी उत्तर दिले व त्यांपैकी १४८ एकट्या देवधरांच्या होत्या. पाऊणशे धावांची आघाडी!

ह्या दोन डावांचा परिणाम मैदानाबाहेरही झाला. हिंदुस्थानचे खेळाडू इंग्लंडच्या बरोबरीने कसोटी सामने खेळू शकतील काय, ह्याविषयी तोवर शंका होती. दौऱ्यानंतर गिलिगन ह्यांनी हिंदुस्थानच्या बाजूने आपले वजन खर्च केले. १९२८ च्या डिसेंबरात क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले, आणि २५ जून १९३२ रोजी लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर हिंदुस्थानचा संघ आपला पहिला कसोटी सामना खेळण्यास उतरला. कर्णधार होते नायडू.

देवधर त्या संघात नव्हते.

त्यांचे वय तेव्हा चाळीस वर्षांचे होते. क्रिकेटपटूने चाळिशीत पदार्पण केले म्हणजे त्याचे पाय जड झाले व दृष्टी मंदावली, असा सार्वत्रिक समज होता व आहे. ज्या दाराशी त्यांच्या १४८ धावांनी थाप मारली होती ते दार उघडले, तेव्हा आत जाणाऱ्यांत ते नव्हते. पुढे १९३६ साली पुन्हा संघ विलायतेस गेला; तेव्हाही ते घरीच राहिले. अधिकृत कसोटी सामना त्यांनी उभ्या आयुष्यात एकही खेळला नाही. नायडू त्यांच्याहून चारच वर्षांनी लहान. चार वर्षांचे अंतर एरव्ही केवढेसे! पण येथे एकाच्या नावापुढे हिंदुस्थानचा पहिला कसोटी कर्णधार असे लिहिले गेले, आणि दुसऱ्याच्या नावापुढे काहीच लिहिले गेले नाही.

अशा प्रसंगी मनुष्य दोन प्रकारे वागतो. एक तर तो कडवट होऊन खेळ सोडतो, किंवा जुन्या आठवणी सांगत बसतो. प्राध्यापकमहाशयांनी ह्यांपैकी काहीच केले नाही. त्यांची नोकरी होती, वर्ग होते, विद्यार्थी होते. मैदानाने पाठ फिरविली म्हणून त्यांच्या घरची चूल विझणार नव्हती. संस्थानिकाच्या आश्रितास उतारवयाचे जे भय असते ते त्यांस नव्हते. वर्षानुवर्षे ज्या नोकरीने त्यांचे तास घेतले, तिनेच आता त्यांस आपल्या मर्जीप्रमाणे खेळत राहण्याची मोकळीक दिली. पालकांच्या हिशेबात ही रक्कम सहसा धरलेली नसते.

१९३४ साली प्रांतोप्रांतीच्या संघांसाठी रणजी करंडकाची स्पर्धा सुरू झाली. महाराष्ट्राच्या संघाचे नेतृत्व देवधरांकडे आले. मुंबईच्या संघापुढे महाराष्ट्राची अवस्था तेव्हा थोरल्या भावापुढे धाकट्यासारखी होती. मुंबईत पैसा होता, मोठी मैदाने होती, चौरंगी व पुढे पंचरंगी झालेल्या स्पर्धेचा डामडौल होता. पुणेकरांच्या वाट्यास काथ्याच्या चटईवरचे सामने आणि तरुण, अननुभवी खेळाडू. ह्या तरुणांत सांगलीचा एक अबोल मुलगा होता, विजय हजारे. तो जातीने ख्रिस्ती. मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत त्याला धर्माच्या हिशेबाने इतर म्हणून नेमलेल्या संघातून खेळावे लागे. महाराष्ट्राच्या संघात मात्र तो ब्राह्मण प्राध्यापकाच्या हाताखाली इतरांबरोबर महाराष्ट्राचा म्हणून खेळला. १९३९-४० च्या मोसमात पुण्यास बडोद्याविरुद्ध हजारे ह्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी स्पर्धेतील ते पहिले त्रिशतक. त्याच वर्षी अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताचा दहा गडी राखून पराभव करून महाराष्ट्राने करंडक प्रथमच जिंकला.

पुढच्या मोसमातील मुंबईविरुद्धचा सामना तर सविस्तर सांगण्याजोगा आहे. तो पुण्यास झाला. महाराष्ट्राने प्रथम फलंदाजी केली आणि धावांचा डोंगर उभा राहू लागला. त्या डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा सर्वांत मोठा वाटा, विद्यार्थिमित्रहो, अठ्ठेचाळीस वर्षांच्या कर्णधाराचा होता. समोर चेंडू टाकणाऱ्यांपैकी कित्येक त्यांच्या वर्गात विद्यार्थी म्हणून शोभले असते. देवधर खेळत राहिले. उन्हात, तासामागून तास, दोन यष्ट्यांमधील बावीस यार्ड पुनःपुन्हा धावत त्यांनी २४६ धावा केल्या. आयुष्यातील सर्वांत मोठा डाव त्यांच्या हातून घडला तो ह्या वयात! महाराष्ट्राच्या ६७५ धावा झाल्या.

एवढ्यावर सामना संपला असे कोणासही वाटले असते. परंतु मुंबईकर ते मुंबईकर. खंडू रांगणेकर, जे आदल्याच वर्षी महाराष्ट्राकडून खेळले होते, त्यांनी मुंबईसाठी २०२ धावा काढल्या आणि मुंबईचा डाव वाढत वाढत ६५० पर्यंत गेला. दोन्ही संघांचा एकेक डाव मिळून १,३२५ धावा. आणि निकाल लागला तो अवघ्या पंचवीस धावांच्या आघाडीवर. कर्णधार दीडशेवर किंवा दोनशेवर थकून बाद झाला असता तर महाराष्ट्र स्पर्धेबाहेर गेला असता, हे सांगण्यास गणिताच्या शिक्षकांची गरज नाही. नंतर मद्रासेस जाऊन अंतिम सामन्यात मद्रासचा सहा गडी राखून पराभव करण्यात आला व करंडक लागोपाठ दुसऱ्या वर्षी महाराष्ट्रात राहिला.

हा विजय फार काळ टिकला नाही, हेही सांगितले पाहिजे. हजारे लवकरच बडोद्याच्या आश्रयास गेले. गुणी खेळाडूंना रोखून धरण्यास महाराष्ट्राच्या संघापाशी ना खजिना होता ना दरबार. एका प्राध्यापकाने बांधलेला संघ संस्थानिकांच्या थैलीपुढे किती टिकणार? कर्णधाराने मात्र मैदान सोडले नाही. १९४४ साली नवानगरविरुद्ध त्यांनी पहिल्या डावात १०५ व दुसऱ्या डावात १४१ धावा केल्या. एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतक काढणे पंचविशीच्या तरुणासही दुर्मिळ. देवधर तेव्हा बावन्न वर्षांचे होते. १९४६ साली ते प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळून थांबले, तेव्हा वय चोपन्न. पहिल्या महायुद्धाच्या अगोदर सुरू झालेली त्यांची खेळी दुसरे महायुद्ध संपल्यावर पुरी झाली.

घरातही खेळाचे वातावरण होते. त्यांच्या तारा, सुंदर व सुमन ह्या तीन कन्यांनी बॅडमिंटनमध्ये नाव काढले व १९४० च्या दशकात राष्ट्रीय स्पर्धा गाजविल्या. मुलींनी शाळेनंतर घरकामास लागावे, हीच ज्या काळी रीत होती, त्या काळची ही गोष्ट आहे. ज्या पालकांच्या मुली आमच्या शाळेत शिकतात त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा, अशी विनंती आहे.

खेळणे थांबल्यावर देवधरांनी खेळाची सेवा निराळ्या रीतीने केली. राष्ट्रीय संघाच्या निवड समितीवर ते होते, नियामक मंडळाचे उपाध्यक्ष होते, महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष होते. भारतीय क्रिकेटच्या वाटचालीवर त्यांनी पुस्तक लिहिले आणि आत्मचरित्रही लिहिले. १९६५ साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली. १९७३-७४ च्या मोसमापासून देशातील विभागीय संघांच्या मर्यादित षटकांच्या स्पर्धेस त्यांचे नाव देण्यात आले, आणि ज्यांनी त्यांस कधी खेळताना पाहिले नव्हते अशा तरुणांच्या तोंडी देवधर करंडक हा शब्द रुळला. १९९१ साली पद्मभूषण मिळाले. १४ जानेवारी १९९२ रोजी त्यांच्या वयास शंभर वर्षे पूर्ण झाली. प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळलेल्या भारतीयांत शंभरी गाठणारे ते पहिलेच. चाळिशीत ज्यांस वयातीत ठरविण्यात आले होते, त्यांनी त्यानंतर आणखी साठ वर्षे पाहिली!

२४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यातच त्यांचे देहावसान झाले.

१९९६ साली भारतीय टपाल खात्याने चार क्रिकेटपटूंच्या स्मरणार्थ चार तिकिटे काढली. त्यांतील तिघे कसोटी सामन्यांतील पराक्रमासाठी जगप्रसिद्ध आहेत : कनकय्या नायडू, विनू मंकड आणि विजय मर्चंट. चौथे तिकीट संस्कृताच्या प्राध्यापकांचे आहे.